चौकातला तिसरा दगड

नोकरीत मी पुष्कळ चौक आखले. दोन रस्ते एकमेकांना आडवे जातात तिथे कंपासाचे टोक रोवायचे, वर्तुळ फिरवायचे, मध्ये एखादे झाड दाखवायचे आणि खाली सुबक अक्षरांत 'वाहतूक बेट' असे लिहायचे. साहेब मान डोलवायचे. मी कागद गुंडाळून ठेवायचो आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचो. आयुष्यात ज्या एका खऱ्या चौकाला मी हात लावला, त्याचा मी सत्यानाश केला. ही त्याचीच हकिगत. सांगून मन हलके वगैरे होणार नाही, हे मला माहीत आहे.

आमचे गाव पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या वाटेला लागले की कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी. नाव सांगत नाही. तिथली माणसे अजून आहेत, आणि आता माझ्यात भांडायचे बळ नाही. गावाच्या मधोमध चौक. हा चौक कुणी आखला नव्हता. महाडच्या बाजारपेठेत आधी रस्ते आणि मग ते एकत्र आले म्हणून चौक; आमच्याकडे आधी चौक, आणि त्यातून निघून माणसे जिकडे गेली त्या पायवाटा. वरच्या आळीची आणि खालच्या आळीची घरे त्याच्याकडे तोंड करून बसलेली. एका कोपऱ्यात विहीर, दुसऱ्यात पिंपळाचा पार, वरच्या अंगाला देऊळ. जमिनीला असा बेताचा उतार की आषाढातसुद्धा पाणी साचायचे नाही आणि भरलेला हंडा घेऊन चढताना बाईला दमही लागायचा नाही. पुढे मी लेव्हल लावून तो उतार मोजला. कुठल्याही इंजिनियरला तो याहून चांगला जमला नसता.

चौकाच्या मध्यावर सहाण होती. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी ज्यावर बसते तो दगडी चौथरा. तिच्यासमोर कोयत्याच्या पात्यासारख्या वळणात अकरा काळे सपाट दगड जमिनीत बसवलेले. हे मानाचे दगड. पालखी देवळातून खाली आली की गावच्या अकरा मानकरी घरांचे कर्ते पुरुष आपापल्या दगडावर नारळ घेऊन उभे राहत. दगडांवर नाव नाही, खूण नाही. कुठला कुणाचा हे ज्याला त्याला ठाऊक. मोजायचे देवळाच्या बाजूने; जितका दगड वरचा तितका मान मोठा.

तिसऱ्या दगडावर माझे वडील उभे राहत. एरवी हडकुळा, खाली मान घालून चालणारा माणूस. गुडघ्यापर्यंत चिखलात गेलेले त्यांचे आयुष्य. पण त्या दगडावर धुतलेले धोतर नेसून उभे राहिले की माझे वडील मला उंच वाटायचे. आई बायकांच्या घोळक्यात असायची, आणि पालखीपेक्षा तिचे लक्ष त्यांच्याकडेच जास्त असायचे. हे मी लहानपणीच ओळखले होते.

पालखी पाच दिवस सहाणेवर बसायची आणि सहाव्या दिवशी सकाळी देवळात परत जायची. परतीची पालखी मात्र मी कळत्या वयात कधी पाहिली नव्हती. सहाव्या वर्षापासून मी शिकायला महाडला एका नातेवाइकाकडे होतो. होळीची सुट्टी दोन दिवसांची. पालखी बसली की पोलादपूरमार्गे महाडची वाट धरायची. वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला होतो. त्यानंतर मी फक्त पालखी उतरायच्या दिवशी जाऊन तिसऱ्या दगडावर उभा राहून यायचो. परतीच्या दिवशी आमच्यातर्फे भावकीतला एक चुलता उभा राहायचा. कुठे राहायचा हे मी कधी विचारले नाही. जिथे उतरतीला तिथेच परतीला, यात विचारायचे काय?

मॅट्रिक झाल्यावर महाडच्या एका बांधकाम कचेरीत मला नकाशे गिरवायचे काम लागले. आई गावातच राहिली. थोडे भात, एक म्हैस. मी तिला महाडला चल म्हणून मागे लागायचो. ती म्हणायची, "तुझ्या खोलीत बसून बोलू कोनाशी? भिताडाशी?" आई भलतीच बोलकी. विहिरीवर एक हंडा भरायला तिला तासभर लागायचा. कुणाची गाय व्याली, कुणाच्या मुंबईकराचे पत्र आले, कुणाचा दात दुखतो, सगळे तिच्यापाशी जमा व्हायचे आणि भर घालून पुढे जायचे. त्या चौकातल्या माणसांच्या बोलण्यावरच ती जगत होती असे म्हटले तरी चालेल.

मग एस.टी.ची गोष्ट निघाली. आमच्या गावचे निम्मे पुरुष मुंबईला गिरण्यांत. शिमग्याला आणि गणपतीला डोक्यावर ट्रंका घेऊन मोठ्या रस्त्यापासून चढत यायचे. त्यांच्या मंडळाने खटपट केली आणि गावापर्यंत गाडी यायचे ठरले. अट एकच, गाडी वळवायला जागा हवी. मंडळाचा म्होरक्या मला महाडात येऊन भेटला. म्हणाला, "तू आपला आदमी हाय. टर्निंगचा प्लान तूच काढ. एकदम फस्क्लास."

मी तेवीस वर्षांचा होतो. छाती केवढी फुगली काय सांगू. ओव्हरसियरना विचारून गाडीला वळायला किती जागा लागते ते लिहून घेतले, चौकात खुंटी रोवली, दोरी धरून चुन्याचे वर्तुळ मारले. सगळा गाव बघायला जमला. सहाण नेमकी वर्तुळात येत होती. ती वीस फूट पिंपळाकडे सरकवावी लागणार होती.

गावकी बसली. देवाला कौल लावला, उजवे फूल पडले. सहाण हलवायला देवाची हरकत नव्हती, माणसांचीही नव्हती. श्रमदानाने काम करायचे ठरले. मला काळजी पडली ती अकरा दगडांची. ते उकरून काढल्यावर कुठला कुणाचा हे कसे कळणार? मग माझ्या डोक्यातून ती अक्कल निघाली. प्रत्येक दगडाला गेरूने आकडा घालायचा, नकाशावर तोच आकडा दाखवायचा आणि बाजूला तक्ता करायचा: अमुक दगड, अमुक घर.

पहिल्यांदा आईलाच विचारले. ती चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती. "आये, तिसरा आपला ना?"

"आपलाच. तुझा बाप उभा राहायचा नाय काय?"

मी लिहून टाकले. मग घरोघर गेलो. खालच्या आळीतल्या मोठ्या घरी तिथले म्हातारे काका अंगणात दोर वळत बसले होते. खालच्या आळीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. उतरतीच्या पालखीला ते दहाव्या दगडावर असत, हे मी पाहिलेले. म्हटले, "काका, दहावा तुमचा ना?"

"दहावा हाय," ते म्हणाले. मग हातातला दोर थांबला. "आनि..." त्यांनी माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिले. "बाकी तुला ठाऊकच असंल," म्हणाले आणि पुन्हा दोर वळायला लागले.

मला ठाऊक नव्हते. पण मी मान हलवली. शिकलेल्या माणसाला ठाऊक नाही असे म्हणायला जीभ वळत नाही, हा रोग मला तेव्हापासून आहे.

सहाण हलली. एकेक चिरा माणसांनी हातावर नेला. दगड नकाशाबरहुकूम बसले, बोटभर इकडचे तिकडे नाही. चौकात गाडी आली, माझ्या वर्तुळावरून एका दमात वळली आणि बायकांनी तिला ओवाळले. मुंबईकरांनी माझा नकाशा काच लावून देवळाच्या मंडपात टांगला. खाली माझी सही. जाता येता मी त्याच्याकडे बघून घ्यायचो.

त्या वर्षी कचेरीतून रजा काढून मी शिमग्याला पूर्ण सहा दिवस राहिलो. उतरतीची पालखी झोकात झाली. सहाव्या दिवशी सकाळी पालखी उचलली, ढोल वाजायला लागले. मी जाऊन तिसऱ्या दगडावर उभा राहिलो. तेवढ्यात खालच्या घरचे काका नारळ घेऊन आले आणि माझ्यापुढे थांबले. मी सरकेन अशा बेताने थांबले. मी सरकलो नाही. मला वाटले, म्हातारपणी चुकले असतील.

"काका, तुमचा दहावा," मी म्हणालो.

मंडळाचा एक जवान पोऱ्या मध्ये पडला. "काका, हा तुमचा नाय. प्लानमध्ये बघा की, नाव लिवलेला हाय."

ढोल थांबले. भोयांच्या खांद्यावर पालखी तशीच. मग जे ते बोलायला लागले आणि मला काय ते कळले. उतरतीला तिसरा दगड आमचा आणि दहावा त्यांचा. परतीला तिसरा त्यांचा आणि दहावा आमचा. कधी काळी दोन्ही घरांत तिसऱ्या दगडावरून डोकी फुटली होती म्हणे. तेव्हाच्या कुणी शहाण्यांनी ही तोड काढली आणि तिची वाच्यता करायची नाही असे ठरवले. बोलले की पुन्हा कुणाचा हक्क खरा हा प्रश्न आलाच. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गुपचूप दगड बदलत आली. तिसरा कुणाचा असे कुणी विचारायचे नाही, कुणी सांगायचे नाही. आणि मी तो काचेत घालून मंडपात टांगला होता.

आमच्या वरच्या आळीतल्या पोरांना आता जोर चढला. लिहिलेले आहे, सही आहे, आता माघार कसली? खालच्या आळीने काठ्या काढल्या. पालखी ना सहाणेवर ना देवळात, भोई ऊन चढेपर्यंत तिला खांद्यावर घेऊन उभे. शेवटी काकांनीच नारळ खाली ठेवला, हात जोडले आणि पालखीला वाट करून दिली. मानाशिवाय पालखी वर गेली. अशी ती कधी गेली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी गावकी पारावर बसली. मला पुढे बोलावले. काकाच बोलले, आणि रागाने नाही. "कागद आन आनि हितं फाड. बाकी काय नको."

मी आईला विचारून आलो होतो. ती कपाळाला हात लावून म्हणाली होती, "तू पुसलंस तिसरा कोनाचा, मी म्हनलं आपला. दहाव्याचं पुसलं असतंस तर तोही आपलाच म्हनलं असतं. तुला येवढंही ठाऊक नाय?" मी तेव्हाच ओशाळलो होतो. पण चारचौघांत ओशाळायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "चूक झाली असेल तर दुरुस्त करतो. दोन्ही दगडांवर दोन्ही घरांची नावे लिहितो. फाडायचे कशाला?"

"लिवू नको," काका म्हणाले. "दोन नावं लिवलीस की पहिलं कोनाचं लिवलंस यावर डोकी फुटतील. लिवूच नको. कागद फाड नि गप बस. पुढच्या वर्षी आपली पालखी आपल्या वाटंनं जाईल."

याहून शहाणे बोलणे मी कुठल्याही कचेरीत ऐकले नाही. पण तेव्हा मला काय वाटले? अडाणी म्हातारा माझा पहिला, सही केलेला नकाशा फाडायला सांगतो आहे. नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी फाडणार नाही," म्हणालो. "तुम्हाला काय करायचे ते करा."

त्यांनी केले. कागद फाडेपर्यंत आमचे घर वाळीत.

वाळीत म्हणजे काय हे ज्याने भोगले नाही त्याला सांगून कळत नाही. कुणी मारत नाही, शिवी देत नाही. विहिरीवर जायचे नाही, कुणाच्या चुलीतला विस्तव मागायचा नाही, लावणीला कुणी येणार नाही, आणि कुणी बोलायचे नाही. मी संध्याकाळच्या गाडीने महाडला निघून गेलो. माझी कचेरी, माझी खानावळ, माझे मित्र, सगळे जागच्या जागी. वाळीत पडली ती आई.

चैत्र वैशाखात ती ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरून त्यात पाणी साचायची वाट बघत बसायची. पावसात एकटीने लावणी केली, निम्मे शेत पडीक राहिले. म्हैस विकली, कारण ती विताना अडली तर हात लावायला कोण येणार? मी महिन्यातून एकदा जायचो. गाडीतून उतरले की चौकात माणसे असायची आणि मी उतरताच त्यांच्या माना दुसरीकडे वळायच्या. मी ताठ चालत घरी जायचो. माझ्या त्या ताठ चालण्याची आज मला किळस येते.

नाते नावाच्या गावात माझी मावशी होती. तिच्याकडे जाऊन राहा म्हटले, तर आई म्हणाली, "मी काय चोरी केली हाय?" महाडला चल म्हटले, तर "इथून मी गेले की घराला कुलूप. मग तिसऱ्यावरही नाय नि दहाव्यावरही नाय." कागदाबद्दल ती एकदाच बोलली. "कागद तुझा हाय. तू बघ." मी ते माझ्या बाजूने घेतले. मला वाटले, आई माझ्या पाठीशी उभी आहे. माणसाला जे ऐकायचे असते तेच ऐकू येते.

तालुक्याला एका वकिलाला भेटलो. म्हणाला, माणसाला असे वाळीत टाकणे कायद्यात बसत नाही, साक्षीदार आणा. सगळा गाव साक्षीदार होता आणि एकही नव्हता. कारण कुणी काही केलेच नव्हते. मी कचेरीत टेबलावर वाकून रेघा मारायचो आणि रेघ चुकायची. रबराने पुसून पुन्हा मारायचो, पुन्हा चुकायची. काय करावे ते सुचत नव्हते. फाडावा तर नाक जाते, न फाडावा तर आई जाते. आणि मी मूर्ख वर्षभर या दोन गोष्टी एकाच तराजूत घालून बसलो होतो.

माघात एका संध्याकाळी आमच्या गावच्या गाडीचा कंडक्टर मला महाडच्या स्टँडावर भेटला. देशावरचा माणूस होता, त्याला गावच्या भानगडी माहीत नव्हत्या. हसत हसत म्हणाला, "तुमची आई रोज गाडीपाशी येते बरं का. सकाळी गाडी वळली की हजर. चढत नाही, कुणाला उतरवायला येत नाही. आम्हालाच काहीतरी विचारते. महाडात ऊन आहे का, गाडीला चाके किती, ड्रायव्हरला मुले किती. चाके तर रोज विचारते. मी रोज सांगतो, सहा. गाडी सुटेपर्यंत बोलत राहते बिचारी."

मी त्याला चहा पाजला. तो काय काय सांगत होता, मला काही ऐकू आले नाही. माझी आई, जिच्यापाशी सगळ्या गावाच्या गोष्टी यायच्या, ती रोज सकाळी एका परक्या माणसाला गाडीला चाके किती म्हणून विचारत होती. कारण तो एकटाच उत्तर देत होता. आणि ती गाडी वळत होती माझ्या चुन्याच्या वर्तुळावर. त्या रात्री खोलीवर मी तोंडात टॉवेलाचा बोळा घालून रडलो. शेजारच्या खोलीतल्यांना कळू नये म्हणून. अजून नाकच सांभाळत होतो.

शिमग्याला महिना होता. तो महिना मी कसा काढला ते माझे मला माहीत. नुसता कागद फाडून आता भागेल असे मला वाटेना. वर्षभर अडून बसलेला माणूस एक कागद फाडतो, त्याने कुणाचे मन वळणार? काहीतरी मोठे द्यायला हवे, असे द्यायला हवे की त्याच घटकेला आईला विहिरीवर बोलावतील. मी मनाशी एक वाक्य जुळवले. गाडीत पोलादपूर येईपर्यंत ते घोकले, पुढे कापडे येईपर्यंत घोकले. आईला काही बोललो नाही. तिला विचारायचे मला सुचले नाही असे नाही. ती नको म्हणेल याची भीती वाटली, म्हणून विचारले नाही.

पालखी उतरली. सहाणेवर बसली. तिसरा दगड रिकामा, दहाव्यावर काका. सगळा गाव जमलेला. बायकांच्या मागे, भिंतीला लागून, आई उभी होती. वर्षभर ती देवाच्या कार्याला चौकात आली नव्हती. मी कागद फाडणार हे तिने ओळखले होते, कारण मंडपातला नकाशा मी सकाळीच काढून घरी आणला होता. तिने नवे लुगडे नेसले होते. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीसारखी ती तिथे अवघडून उभी होती, आणि डोळे माझ्याकडे.

मी पुढे गेलो. कागद काचेतून काढला आणि फाडला. उभा, आडवा, पुन्हा उभा. लोकांत हालचाल झाली. काकांच्या चेहऱ्यावरची गाठ सुटताना मला दिसली. ते दगडावरून उतरून माझ्याकडे यायला निघाले होते. तिथे मी थांबायला हवे होते. हे सगळे लिहायला बसलो तेव्हापासून मी त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या इसमाला ओरडून सांगतो आहे, थांब, गप बस. पण मी महिनाभर घोकले होते.

"देवासमोर सांगतो," मी मोठ्याने म्हणालो. "तिसरा दगड आमचा नाही. कधीच नव्हता. तो खालच्या घराचा आहे."

टाळ्या पडतील असे मला वाटले होते की काय, कोण जाणे. काका वाटेतच थांबले. मग माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कागद फाडलास, बेस झालं होतं. बोललास कशाला? आता मी काय करू? देवासमोर बोललेलं मला परत देता येत नाय रे."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या मागे त्यांचा थोरला मुलगा मात्र पुढे सरकला आणि तिसऱ्या दगडावर उभा राहिला. उतरतीच्या पालखीला, नारळ घेऊन. कुणी त्याला उतर म्हटले नाही. म्हणणार कसे? मीच दिला होता. आमच्या वाट्याला दहावा राहिला, जवळजवळ खालच्या टोकाला, दोन्ही वेळेला.

गावाने शब्द पाळला. पालखीच्या ओट्या भरून झाल्यावर बायका आईकडे गेल्या. एकीने तिचा हात धरला, एकीने तिच्या कपाळाला गुलाल लावला. "चल गो, विहिरीवर चल," म्हणाल्या. आई त्यांच्याबरोबर गेली. विहिरीवर त्यांच्याशी ती बोललीसुद्धा, मी लांबून ओठ हलताना पाहिले. मला वाटले, झाले. जे व्हायचे ते होवो, आई परत मिळाली.

दुपारी ती भरलेला हंडा घेऊन घरी आली. हंडा उतरवला, पाट मांडला, मला जेवायला वाढले. मी खाली मान घालून जेवत होतो. ती समोर बसली होती. म्हणाली, "पानी मी आनतच होते रे."

मी तांब्यातले पाणी प्यायलो.

"तुझा बाप त्या दगडावर उभा राहिला की मला वाटायचं, ह्या घरात आले त्याचं सोनं झालं." तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. "कागद फाडायला तुला वरीस लागलं, आनि दगड दिलास तो एका दमात."

ती उठली आणि हंड्यावर झाकण ठेवायला गेली.